विश्लेषण : पोपटाच्या वेलाला दिवाळी कशी कळते?

गेल्या वर्षी पाडव्याला मी एक चूक केली. मूल तालुक्यातून आणलेले पोपटाचे बी डब्यात उरले होते. पाणी हाताशी होते, कुंपणाची जाळी रिकामी होती. जूनपर्यंत कशाला थांबायचे, म्हणून चार बिया टोचल्या. वेल असा फोफावला की जाळी दिसेनाशी झाली. मे गेला, पावसाळा गेला, गणपती गेले. पाने, पाने आणि नुसती पाने. खत जास्त झाले, पाणी कमी पडले, जागेला सावली आहे, बी वांझोटे आहे, असे सगळे सल्ले मिळाले. ऑक्टोबरात एका सकाळी पहिला तुरा दिसला. गावाकडे फोन केला तर तिथे जूनच्या पावसावर लावलेला वेलही त्याच आठवड्यात फुलावर आला होता. मी जवळजवळ तीन महिने आधी लावले आणि शेंग तीन दिवसही आधी मिळाली नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की पोपट म्हणजे पक्षी नव्हे. वालाच्याच जातीतली ही शेंग, शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरिअस. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात ती घरामागच्या सांदवाडीत मांडवावर चढते, कुठे कुंपणावर, कुठे बांधीच्या धुऱ्यावर. धान कापणीला येते त्या सुमारास तिला शेंगा लागतात आणि थंडीभर ओल्या दाण्यांची उसळ ताटात असते. रायगडकडे मडक्यात शेंगा भाजून जी पोपटी करतात, तीही याच कुळातल्या वालाची. तिकडेही मुहूर्त थंडीचाच. बंगळूरला हिवाळ्यात याच दाण्यांचा, अवरेबेळ्याचा, मेळा भरतो. हजार किलोमीटरच्या अंतरावरची तीन गावे, आणि शेंगेचा हंगाम जवळपास एकच. हे योगायोगाने होत नाही.

माझ्या वेलात दोष नव्हता. तो घड्याळ बघत होता. ते घड्याळ त्याच्या जनुकांत आहे आणि ते कसे चालते हे गेल्या शंभर वर्षांत बरेच उलगडले आहे. मला इथे एवढेच मांडायचे आहे, की भाजीचे बियाणे निवडताना, वाटताना आणि जपताना आपण फक्त ‘किती दिवसांत येते’ असे विचारतो. त्याआधी विचारायला हवे, की हे बी दिवस मोजते, सूर्य बघते की थंडीची वाट पाहते. वनजिल्ह्यांतल्या घरगुती बियाण्यांच्या बाबतीत हा प्रश्न न विचारल्याची किंमत मोठी आहे.

दिनमान मोजणारे पान

पंचांगात रोजचे दिनमान छापलेले असते. बहुतेक जण ते वाचत नाहीत. वेल मात्र वाचतो. चंद्रपूर आणि गडचिरोली साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहेत. इथे २१ जूनच्या सुमारास दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा असतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो ११ तासांच्या किंचित आत येतो. जुन्या हिशेबाने म्हणायचे तर ३३ घटींवरून २७ घटींवर. फरक जेमतेम अडीच तासांचा. युरोपात हाच फरक आठ-नऊ तासांचा असतो, त्यामुळे तिथल्या झाडाला ऋतू ओळखणे सोपे. आपल्याकडचा वेल मात्र काही मिनिटांच्या फरकावर निर्णय घेतो. सप्टेंबरच्या मध्याला दिवस सव्वाबारा तासांचा असतो, दिवाळीच्या सुमारास साडेअकरा तासांचा. या दोन टप्प्यांच्या दरम्यान कुठेतरी पोपटाला ‘आता फुलायचे’ असा इशारा मिळतो.

हे प्रथम ठामपणे दाखवले ते अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी, १९२० साली. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती, ती उन्हाळाभर उंच वाढत राही आणि फुलत नसे. सोयाबीनच्या बिलॉक्सी नावाच्या जातीची त्यांनी काही काही दिवसांच्या अंतराने पेरणी केली, तर सगळ्या पेरण्या जवळपास एकदम फुलल्या. म्हणजे मी कुंपणावर अजाणता केलेला प्रयोग त्यांनी शंभर वर्षांपूर्वी समजून-उमजून केला होता. मग त्यांनी रोपे दुपारी अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली, दिवस खोटा खोटा लहान केला, आणि ती फुलली.

पुढे १९३८ मध्ये आणखी एक गंमत कळली. आपल्याकडे शंकेश्वर म्हणतात त्या काटेरी तणावर शिकागोमध्ये प्रयोग झाले. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला, तर झाड फुलेना. म्हणजे झाड दिवस नव्हे, सलग काळोख मोजते. रस्त्यावरच्या दिव्याखालचे सोयाबीन इतर शेत पिवळे पडल्यावरही हिरवेच उभे राहते, ते यामुळे. आता गावोगावी एलईडी दिवे आले आहेत. कुणाच्या मांडवावरचा वेल खांबाच्या बाजूने फुलत नसेल आणि मागच्या बाजूने फुलत असेल, तर देवऋषी बघण्याआधी दिव्याकडे बघावे.

निरोप नेतो कोण?

उजेड आणि काळोख पान ओळखते, पण फूल येते शेंड्याला. मधला निरोप कोण नेतो? रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात या निरोपाला ‘फ्लोरिजेन’ असे नाव देऊन टाकले. नाव मिळाले, वस्तू सापडेना. सत्तर वर्षे शोध चालला. अखेर २००७ साली जर्मनीतील आणि जपानमधील गटांनी दाखवले, की तो निरोप म्हणजे एक लहानसे प्रथिन आहे. ज्या जनुकापासून ते बनते त्याला ‘एफटी’ म्हणतात. पानात ते तयार होते, अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून शेंड्यापर्यंत पोहोचते आणि तिथे पाने काढणाऱ्या पेशींना फुले काढायला लावते. जपानी गटाने हे भातातच दाखवले होते. भातात या जनुकाचे नाव वेगळे, काम तेच.

एफटी कधी बनवायचे हे ठरवणारी जनुके वेगळी आहेत. काही उजेड ओळखतात, काही चोवीस तासांचा ताल धरतात. या दोन्हींचा मेळ बसला की एफटीचा नळ उघडतो. एफटीच्या भावकीत सगळेच ‘फुला’ म्हणणारे नाहीत, काही ‘थांबा’ म्हणणारेही आहेत. टोमॅटोत असा एक ‘थांबा’ म्हणणारा जनुक शंभर वर्षांपूर्वी फ्लोरिडात आपोआप बिघडला आणि शेंडा आपोआप थांबणारे, ठेंगणे, बुटके झाड मिळाले. एकदम पिकणारा, काठीचा आधार न लागणारा टोमॅटो त्या बिघाडातून आला. जगातला प्रक्रिया उद्योगाचा टोमॅटो आज त्याच बिघाडावर उभा आहे. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला; तिथे दिवस लहान झाल्याशिवाय तो कंद धरत नसे. युरोपातल्या लांब दिवसांत तो कंद धरू लागला तो एका जनुकातल्या बदलामुळे, आणि तो बदल शोधूनही झाला आहे. राजम्याचेही तसेच. उजेड ओळखणारे एक जनुक निकामी झाले आणि राजमा उत्तरेकडे सरकू शकला.

मग आपल्या वालाचे काय? बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने हेब्बाळ अवरे मालिकेत दिनमानाकडे न बघणारे वाण काढले. तिथल्याच भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का जय आणि अर्का विजय हे झुडपी वाण तसेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण भूषणही त्याच पठडीतला. कधीही लावा, ठरावीक दिवसांत फुलतात, मांडव लागत नाही. २०२३ मध्ये लॅबलॅबचा संपूर्ण जनुकनकाशाही आफ्रिकी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला. थोडक्यात, या वेलाचे घड्याळ कुठे आहे हे शोधायची साधने आता हाताशी आहेत.

हंगामाशी बांधलेले असणे हा दोष आहे का?

कृषी पुस्तिकांत अशा देशी वेलांच्या वर्णनात ‘प्रकाशास संवेदनशील’ हे शब्द दोषांच्या रकान्यात येतात. एका अर्थी बरोबर आहे. सगळ्या गावाचा पोपट एकाच पंधरवड्यात निघाला की आठवडी बाजारात भाव पडतो. उन्हाळी पीक घेता येत नाही. ऑगस्टच्या शेवटी उशिरा लावले तर वेल वाढण्याआधीच फुलतो आणि शेंगा मूठभर मिळतात. ज्याच्याकडे विहीर आहे, जवळ शहर आहे, रोज टोपली बाजारात न्यायची आहे, त्याच्यासाठी दिवस मोजणारा वाणच बरा. चंद्रपूर किंवा बल्लारपूरच्या बाजारासाठी भाजी पिकवणाऱ्याने मांडवाचा पोपट धरून बसावे, असे मी म्हणणार नाही.

पण कोरची, धानोरा किंवा भामरागडकडच्या एखाद्या घराचा हिशेब वेगळा आहे. तिथे परसातला वेल विकण्यासाठी नसतो, खाण्यासाठी असतो, आणि त्याला पाणी पावसाचेच. आता समजा पाऊस वीस दिवस उशिरा आला. दिवस मोजणारा वाण वीस दिवस उशिरा फुलेल. पाऊस लवकर आला तर तो ऐन श्रावणसरीत फुलेल, फुले गळतील, राहिलेल्या शेंगा कुजतील. सूर्य बघणाऱ्या वेलाला पेरणीची तारीख फारशी महत्त्वाची नाही. जूनमध्ये लावा की जुलैमध्ये, तो पाऊस ओसरल्यावर, जमिनीत ओल असताना, थंडी पडायच्या तोंडावर फुलतो. पेरणीची चूक तो स्वतः दुरुस्त करतो. मृग बरसेल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही, पण दिवाळीला दिवस किती तासांचा असेल हे हजार वर्षांपूर्वीही ठरलेले होते. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी हे बी निवडले त्यांनी पावसावर नव्हे, सूर्यावर विश्वास ठेवला. मला यात अडाणीपणा दिसत नाही, सावध हिशेब दिसतो.

या भागातल्या माणसाला हा विचार नवाही नाही. धानाच्या बाबतीत तो तोंडपाठ आहे. हलका धान वरच्या, लवकर सुकणाऱ्या बांधीत, भारी धान खोलगट, तलावाखालच्या बांधीत. कोणते बी कधी निसवते यावरच त्याची जागा ठरते. याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून एचएमटी हा वाण काढला. मनगटी घड्याळाच्या नावाचा धान! त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. बांधीत रोज उभे राहून बघणे होते. धानाला मिळालेली ही नजर परसातल्या शेंगेला मिळाली नाही. धान विकला जातो, पुरुषांच्या नावावर असतो, त्याला हमीभाव आहे. पोपटाचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते, आणि तिने काय निवडले याची नोंद कुठल्याही कचेरीत नाही.

अंबाडीचेही बघा. तीही दिनमान बघणारी. जूनमध्ये टाकलेली अंबाडी पावसाळाभर पाला देते, कारण फुलायची वेळ अजून आलेली नसते. दिवस लहान झाले की फूल, मग आंबट बोंडे. एकाच झाडाकडून आधी भाजी आणि नंतर चटणी मिळते ती या घड्याळामुळे. तेच बी पाऊस संपल्यावर टाकले, तर पाला पुरेसा व्हायच्या आत झाड कळीवर येते.

थंडीची वाट पाहणारे

दिनमानावर चालणाऱ्या भाज्यांचे नुकसान हळूहळू होते, तपमानावर चालणाऱ्यांचे एका हंगामात. कोबीच्या कुळातल्या झाडांत ‘एफएलसी’ नावाचे एक जनुक फुलण्यावर पाय ठेवून बसलेले असते. कित्येक आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय ते पाय काढत नाही. चंद्रपुरात तेवढी थंडी कधीच पडत नाही, म्हणून आपल्याकडे पानकोबीचा गड्डा गड्डाच राहतो, हे आपले नशीब. पण त्यामुळेच तिचे बी आपल्याकडे धरत नाही. हिमाचलात कुल्लूजवळच्या कटराईंसारख्या थंड ठिकाणी ते तयार करावे लागते. म्हणजे पानकोबी लावणाऱ्याला दरवर्षी पाकीट विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही. हा कुणा कंपनीचा कावा नाही, जनुकाचा परिणाम आहे.

फुलकोबी तर अर्धवट फुलण्याचाच प्रकार. झाडाचा शेंडा फुले काढायला निघतो, जमत नाही, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा फसतो. अशा हजारो फसलेल्या प्रयत्नांचा पांढरा गठ्ठा आपण रस्सा करून खातो. तो गठ्ठा धरायला प्रत्येक वाणाला ठरावीक गारवा लागतो. १८२२ मध्ये फुलकोबी इंग्लंडहून सहारनपूरला आली आणि दोनशे वर्षांत उत्तर भारतातल्या शेतकऱ्यांनी तिच्यातून उष्णतेत गठ्ठा धरणारे लवकरचे वाण घडवले. पुसा कातकी, पुसा दीपाली त्या घराण्यातले. स्नोबॉल हे उशिरा येणारे, थंडीचे. आता बाजारात जाऊन ‘फुलकोबीचे बी द्या’ म्हटले आणि थंडीचे बी पावसाळ्यात लागले, तर नुसता पाला. उलट लवकरचे बी नोव्हेंबर-डिसेंबरात लावले, तर रोप मोठे व्हायच्या आतच शेंडा फुलायला निघतो आणि सुपारीएवढे बटण मिळते. दोन्ही वेळा शेतकरी खताला दोष देतो, दुकानदार हवामानाला.

कांद्यात डेंगळे येतात ते याच कारणाने. न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवले, की कांद्यात एफटीच्या भावकीतले एक जनुक गाठ धरण्याचे काम करते आणि दुसरे, थंडी मिळाल्यावर, फूल काढण्याचे. रोप मोठे असताना थंडीचा तडाखा बसला की दुसरे जागे होते. आणि सांबार? आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापू लागले की तो दांडा टाकतो आणि जुडी कडवट होते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा सांबाराने धीर धरावा ही अपेक्षाच चूक.

हवामान बदलाच्या चर्चेत हा फरक कुणी करत नाही. थंडी उशिरा सुरू झाली, मध्येच ढगाळली, लवकर संपली, तर तपमान बघणारी भाजी गोंधळते. दिनमान बघणारी भाजी वेळ चुकवत नाही, पण ती वेळेवर फुलली आणि परतीचा पाऊस त्या वर्षी लांबला, तर फुलोरा पाण्यात जातो. दोघांचे धोके वेगळे, म्हणून परसात दोन्ही हवेत.

पाकिटावर काय छापलेले नसते

बियाणे कायदा १९६६चा. त्याखालच्या नियमांनी पाकिटावर वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख आणि मुदत छापावी लागते. बी उगवेल याची हमी मिळते. ते फुलेल कधी, हे मात्र कंपनीच्या मर्जीवर. काही पाकिटांवर हंगाम छापलेला असतो, बऱ्याचदा साऱ्या देशासाठी एकच. पंजाबच्या ३१ अंशांवरचा आणि गडचिरोलीच्या २० अंशांवरचा जून एक नाही, हे त्या छपाईला ठाऊक नसते. दिनमान बघणारा वाण, थंडी लागणारा वाण, दिवस मोजणारा वाण, अशी तीन साधी चिन्हे छापायला खर्च शून्य आहे.

परसबागेसाठी बियाण्यांचे संच वाटण्याचा कार्यक्रम आता सगळीकडे आहे. ‘उमेद’च्या बचत गटांनी पोषण परसबागा उभ्या केल्या, अंगणवाड्यांनी केल्या. हे काम चांगले आहे, कुपोषणाच्या जिल्ह्यात तर हवेच. माझी हरकत संचातल्या निवडीला आहे. कुठल्याही महिन्यात लागतील अशा वाणांचा संच बनवणे सोपे पडते, आणि मग मांडवावरच्या जुन्या वेलाची जागा झुडपी वाल घेतो. पहिल्या वर्षी दोन महिन्यांत शेंगा बघून सगळे खूश. तिसऱ्या वर्षी संच आला नाही तर जुने बी कुणाच्या मडक्यात उरलेले नसते. संचात एक रिकामी पुडी ठेवावी आणि त्या पुडीत गावातल्याच जुन्या वेलाचे बी भरून द्यावे, ही सूचना मी गंभीरपणे करतो आहे.

घड्याळ बदलण्याचे तंत्रही आता दूरचे राहिलेले नाही. टोमॅटोत जनुक-संपादनाने लवकर फुलणारी झाडे २०१७ मध्येच केली गेली. आपल्या सरकारने मार्च २०२२ मध्ये परके जनुक न घालता केलेल्या संपादनाला जीएम पिकांच्या कडक नियमांतून मोकळीक दिली आणि मे २०२५ मध्ये दोन जनुक-संपादित भातवाण जाहीर झाले. त्यातला ‘कमला’ हा मूळ वाणापेक्षा सुमारे २० दिवस लवकर येतो, असे भारतीय कृषी संशोधन परिषद सांगते. उद्या कुणी पोपटाचे घड्याळ काढून टाकेल. त्याला माझा विरोध नाही. पण बदल करायला मूळ घड्याळ तरी शिल्लक हवे, आणि ते दिल्लीच्या शीतगृहात असून भागत नाही. तिथल्या पुडीवर फुलण्याची तारीख गडचिरोलीची नसते.

नोंद ठेवायला यंत्रणा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या झाल्या आहेत. गडचिरोलीत तर सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आहेत, आणि बांबूचा हिशेब स्वतः ठेवून दाखवणारे मेंढा-लेखा आहे. या नोंदवहीत ‘वाल’ असा एक शब्द लिहून पुढे जाण्याऐवजी रंग, शेंगेचा आकार आणि पहिल्या फुलाची तारीख हे तीन रकाने भरता येतील. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो, आणि त्या तपासणीत फुलण्याचा काळ हा महत्त्वाचा गुण मानला जातो. अकोले तालुक्यातील कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या बियाण्यांत वालाचे कितीतरी प्रकार होते. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले, त्यात स्थानिक पिकांचे बियाणे हा एक विषय आहे. पैसा, कायदा, नोंदवही, तिन्ही आहेत. पूर्वेकडच्या या टोकाच्या मांडवांपर्यंत ती पोहोचायची आहेत.

तीन मांडवांची चाचणी

तुमच्याकडचे बी कोणते घड्याळ बघते हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. एकाच मडक्यातले बी घ्या. थोडे मृगात लावा, थोडे जुलैच्या मध्याला, थोडे पोळ्याच्या आसपास. तिन्ही ठिकाणच्या पहिल्या फुलाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तिन्ही वेल पंधरा-वीस दिवसांच्या अंतरात फुलले, तर बी सूर्य बघते. प्रत्येक वेल लावल्यापासून साधारण तितक्याच दिवसांनी फुलला, तर ते दिवस मोजते. शहरातल्या वाचकांना हे गच्चीवरच्या कुंडीतही करता येईल, फक्त बाल्कनीचा दिवा रात्रभर चालू ठेवू नका. सिंदेवाही आणि सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रांनी दोन्ही जिल्ह्यांतले तीस-चाळीस घरगुती वाल गोळा करून हीच चाचणी एका हंगामात केली, तर फुलण्याच्या तारखांची यादी तयार होईल. माझा अंदाज आहे, की त्यात सगळे बी एकाच तारखेला फुलणार नाही. कुठे दसऱ्याला फुलणारे निघेल, कुठे संक्रांतीपर्यंत थांबणारे. या दोन टोकांच्या बिया एका घरात आल्या, तर भाव पाडणारा तो एकच पंधरवडा टळेल आणि शेंग दोन-तीन महिने पुरेल, तीही कुठलाही नवा वाण न काढता.

बी राखतानाची एक चूक मात्र घरोघरी होते. आधी लागलेल्या शेंगा कोवळ्या असतानाच उसळीत जातात आणि हंगाम संपता संपता मांडवावर जे वाळलेले उरते ते मडक्यात जाते. एकाच वेलाच्या आधीच्या आणि नंतरच्या शेंगांतली जनुके सारखीच असतात, त्यामुळे एकच वेल असेल तर काही बिघडत नाही. पण चार वेल असतील, तर शेवटी उरलेल्या शेंगा बहुधा सगळ्यात उशिरा फुलणाऱ्या वेलाच्या असतात. दरवर्षी तेच बी पुढे गेले, की घरातला पोपट हळूहळू उशिराचा होत जातो, आणि लवकरचा वेल आपण खाऊन संपवलेला असतो. म्हणून ऑक्टोबरात जो वेल आधी फुलेल त्याच्या बुडाशी रंगीत चिंधी बांधावी, त्यावरच्या दहा-पंधरा शेंगांना कुणाला हात लावू देऊ नये, आणि त्यांचे बी वेगळ्या पुडीत, तारीख लिहून, ठेवावे. माझ्या कुंपणावरच्या वेलाला अशी चिंधी बांधली आहे. पुडीवर लिहिले आहे : मूल, पहिले फूल ऑक्टोबर, पाडव्याला लावू नये.